शौचातून रक्त: प्रॉक्टोस्कोपी पुरे की कोलोनोस्कोपीच?

आमच्या गुहागरकडे शौचातून रक्त पडलं की घरातली मोठी माणसं एकच नाव घेतात, मूळव्याध. मग सुरण, ताक, कुणीतरी दिलेला झाडपाला. माझ्या काकांनी यात आठ महिने घालवले. मूळव्याध होतीच, पण आतड्यात वर पॉलिपही (आतल्या अस्तरावर वाढलेली मांसल गाठ) होता.

प्रॉक्टोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून छोटी नळी घालून केलेली तपासणी, ओपीडीतच होते, पाचेक मिनिटांत. तालुक्याच्या सर्जनकडे काम भागतं, खर्चही कमी. आतली मूळव्याध दिसते. पण नजर पोचते जेमतेम आठ-दहा सेंटीमीटर, आणि मोठं आतडं असतं सुमारे दीड मीटर. मूळव्याध सापडली म्हणजे रक्त तिथूनच येतंय असं ठरत नाही. काकांच्या बाबतीत नेमकी इथेच चूक झाली.

कोलोनोस्कोपीत गुदद्वारातून लांब लवचीक दुर्बीण घालतात, त्यामुळे मोठं आतडं पूर्ण दिसतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण), आतड्याचा टीबी किंवा कर्करोगाचा संशय आला तर तिथेच तपासायला छोटा तुकडा घेतात, लहान पॉलिप त्याच वेळी काढतात. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण क्वचित. खरा त्रास आदल्या दिवशीचा. पोट साफ करणारं औषध लिटरभर नाहीतर त्याहून जास्त प्यायचं, सोबत फक्त नितळ पातळ पदार्थ. शहाळं चालतं. कोकम सरबत मात्र नको, त्याचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. सोलकढीत तर नारळाचं दूधही असतं. तपासणी चिपळूण-रत्नागिरीला असेल तर औषध तिथल्या नातेवाइकांकडे राहूनच प्या, ते पिऊन एसटीत बसू नका. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

सीटी कोलोनोग्राफीलाही (सीटी स्कॅनने मोठ्या आतड्याची तपासणी) सहसा पोट साफ करावंच लागतं आणि पॉलिप तीत काढता येत नाही. दुर्बीण पुढे जात नसेल तेव्हा ती कामाची.

वय चाळिशीच्या आत, कुंथल्यावर लालभडक थेंब, बाकी तक्रार नाही, तर आधी प्रॉक्टोस्कोपी आणि उपचार. उपचारानंतरही रक्त थांबलं नाही तर पुढे जाच. पंचेचाळिशी उलटलेली, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी, आव-रक्ताचे जुलाब आठवडे चाललेत किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालाय, तर कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा, सुरणावर दिवस काढू नका. रक्त भळभळतंय आणि चक्कर येतेय, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा.