दहावीच्या मुलीसाठी लावलेला इंग्रजीचा वर्ग

मराठी माध्यमात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी असूनही, आमची मुलगी नववीपर्यंत इंग्रजी केवळ पाठ करत आली होती. गेल्या जूनपासून ती आमच्या पेठेतल्या एका बाईंच्या घरगुती वर्गाला जाते, आणि त्या वर्गाविषयी मनापासून चांगले लिहावेसे वाटते.

मुलांच्या चुका मराठीतून कशा येतात, हे बाई नेमके ओळखतात. मराठीत उपपदे (इंग्रजीतले 'अ', 'अॅन', 'द') नसल्यामुळे 'आय बॉट पेन' असे वाक्य का सुचते, हे त्या आधी समजावतात आणि मगच दुरुस्ती करतात. आपला एकच 'व' इंग्रजीत दोन उच्चारांत विभागला जातो, म्हणून 'व्हाइन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि 'वाइन' म्हणताना ओठांचा चंबू करायचा, हे त्या प्रत्येकाच्या हाती छोटा आरसा देऊन करून घेतात. हा सराव मुलगी घरी आजीकडूनही करून घेते!

उणीव एकच जाणवली: तोंडी सरावात वेळ जात असल्यामुळे 80 गुणांच्या लेखी परीक्षेसाठी लागणारे पत्रलेखन आणि सारांशलेखन दिवाळीपर्यंत मागेच राहिले होते. बाईंना सांगितल्यावर त्यांनी शनिवारचा एक तास त्यासाठी राखून ठेवला.