प्लांटयूएमएल: रेषा चोख काढतं, नातं तपासत नाही

क्लास डायग्राम (प्रोग्राममधले क्लास आणि त्यांची नाती दाखवणारं चित्र) मजकूर लिहून काढायचं असेल तर आजही आधी प्लांटयूएमएलच घ्यावं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, 2009 पासून चालू आहे. फाइल साधी टेक्स्ट असल्यामुळे गिटमध्ये कोडशेजारीच राहते आणि कुणी एक बाण बदलला तर रिव्ह्यूमध्ये नेमकी तीच ओळ दिसते. माउसने चौकोन ओढायच्या साधनांत हे सुख नाही.

जावा लागतं, आणि विंडोज सोडून इतरत्र क्लास डायग्रामसाठी ग्राफविझ हे चौकोन-रेषांची मांडणी करणारं साधनही वेगळं टाकावं लागतं. सिक्वेन्स डायग्राम ग्राफविझशिवाय निघतं, म्हणून सगळं नीट बसलंय असं वाटतं आणि पहिल्याच क्लास डायग्रामला ‘डॉट (ग्राफविझचा प्रोग्राम) सापडत नाही’ अशी एरर येते. ऑफिसच्या मशीनवर ग्राफविझ टाकायची परवानगी नसेल तर फाइलच्या सुरुवातीला प्रॅग्मा (साधनाला सूचना देणारी ओळ) देऊन ‘स्मेताना’ लेआउट निवडा. ते ग्राफविझचंच जावातलं रूप आहे आणि प्लांटयूएमएलच्या जारमध्येच (जावाच्या प्रोग्राम फाइलमध्येच) येतं.

नात्यांची चिन्हं तासाभरात हातात बसतात: `<|--` वारसा, `<|..` इंटरफेसची अंमलबजावणी, `*--` कंपोझिशन (पूर्ण आणि त्याचा भाग, चित्रात काळा हिरा), `-->` असोसिएशन, `..>` डिपेंडन्सी. ॲग्रिगेशनला (चित्रात पोकळ हिरा) ताऱ्याच्या जागी इंग्रजी लहान ओ. खरी गोम इथेच आहे. चुकीचं नातं टाकायला एक-दोन कळांचा फरक पुरतो आणि साधन हूं की चूं करत नाही. दोन क्लास एकमेकांचे वारस दाखवा, तेही काढून देतं. काळ्या हिऱ्याच्या टोकाला ‘*’ (म्हणजे कितीही) लिहा, तेही छापतं. यूएमएलच्या (या चित्रांच्या प्रमाण भाषेच्या) नियमाप्रमाणे मात्र एक भाग एका वेळी जास्तीत जास्त एकाच पूर्णाचा असू शकतो, म्हणजे त्या टोकाला 1 किंवा 0..1 एवढंच बसतं.

किराणा दुकानाचं बिलिंग घ्या.

`बिल "1" *-- "1..*" बिलओळ`
`बिल "0..*" --> "0..1" ग्राहक`
`बिल ..> प्रिंटर`

बिल काढून टाकलं की त्याच्या ओळीही गेल्या पाहिजेत, म्हणून कंपोझिशन. डेटाबेसमध्ये तिथे कॅस्केड डिलीट लावणार असाल तर हिरा काळा ठेवायला हरकत नाही. बिल रद्द झालं म्हणून ग्राहक पुसला जात नाही. बिलाकडे त्याचा रेफरन्स फील्ड म्हणून असतो, एवढंच. म्हणून साधी असोसिएशन. नाव न सांगता रोखीने घेऊन जाणारं गिऱ्हाईकही असतं, म्हणून 0..1. प्रिंटर फक्त छापायच्या मेथडला पॅरामीटर म्हणून येतो आणि काम झालं की बिलाला त्याची आठवण राहत नाही: तुटक रेषा. फील्ड असेल तर सलग, नुसता पॅरामीटर किंवा लोकल व्हेरिएबल असेल तर तुटक, या एका कसोटीवर निम्मे वाद मिटतात. (ही चिन्हं फाइलमध्ये वापरताना देवनागरी नाव अवतरणात लिहून त्याला रोमन टोपणनाव द्या, फाइल यूटीएफ-8 मध्ये ठेवा.)

पोकळ हिऱ्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: टाळा. यूएमएल 2.5 मध्येच त्याचा नेमका अर्थ विषयावर आणि मॉडेल करणाऱ्यावर सोपवलेला आहे. टीममधल्या चौघांनी चार अर्थ घ्यायचे, त्यापेक्षा साधी रेषा आणि दोन्ही टोकांना आकडे बरे.

वारशाचा बाण सर्वांत जास्त उधळला जातो. ग्राहक आणि कर्मचारी दोघेही ‘व्यक्ती’चे वारस दाखवले की चित्र छान दिसतं, पण दुकानातला नोकर स्वतःच्या घरचा किराणा तिथूनच नेतो तेव्हा एकाच माणसाचे दोन ऑब्जेक्ट होतात. भूमिका बदलू शकत असेल किंवा एकाच वेळी दोन असू शकत असतील, तर व्यक्तीकडून भूमिकेकडे असोसिएशन काढा. रोख भरणा आणि यूपीआय भरणा हे ‘भरणा’ इंटरफेसचे प्रकार, तिथे बाण रास्त.

मांडणी हा या साधनाचा कच्चा भाग. दोन डॅश दिले तर डावीकडे लिहिलेला क्लास वर जातो, एक डॅश दिला तर दोघे शेजारी येतात. नात्याच्या अर्थामध्ये फरक पडत नाही, जागेत पडतो. म्हणून वारशात पालकाचं नाव आधी लिहा, नाहीतर मूल वर आणि पालक खाली असं चित्र मिळेल. काटकोनी रेषांचा ऑर्थो पर्याय मोहात पाडतो, पण रेषेवरची लेबलं भलतीकडे सरकतात.

मोठं डायग्राम पीएनजीमध्ये काढलं तर 4096 पिक्सेलनंतर कापलं जातं. ती मर्यादा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलने वाढवता येते, पण सरळ एसव्हीजी काढणं सोपं. आणि प्लांटयूएमएलच्या सार्वजनिक सर्व्हरवर चित्र काढताना डायग्रामचा सगळा मजकूर यूआरएलमध्ये एन्कोड होऊन जातो. तो उलट वाचता येतो, तेव्हा ग्राहकाच्या प्रकल्पाचे क्लास तिथे चिकटवू नका. जार आपल्याच मशीनवर चालवा.