झाकण उघडून बघितल्याशिवाय जुनं घड्याळ घेऊ नका

गेल्या दिवाळीच्या आधी पापाची तिकटीजवळ एका माणसाकडून मी ८,५०० रुपयांना जुनं वेस्ट एंड सोवार प्रिमा घेतलं. ते खोटं निघालंच, वर सर्व्हिसिंगच्या नावाखाली आणखी २,२०० रुपये गेले. कोल्हापुरात चावीची जुनी घड्याळं हौसेनं घेणारी पोरं सध्या बरीच दिसतात. त्यांच्यासाठी हे सगळं बारकाव्यांसकट लिहितोय.

माझ्या आजोबांच्या हातात वेस्ट एंड असायचं. ते घरातून कधी आणि कसं गेलं, कुणालाच आठवत नाही. ही कंपनी १८८६ साली मुंबईत सुरू झाली, घड्याळं स्वित्झर्लंडमध्ये बनायची, आणि सोवार म्हणजे आपला घोडेस्वारच. त्यामुळे डायलवर ते नाव दिसलं की मला राहवत नाही. विकणाऱ्यानं हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असणार.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. गेज लावल्याशिवाय एक कास्टिंग पुढे सोडत नाही. तरी इथं चुकलो, कारण मी मागचं झाकण उघडायला सांगितलं तेव्हा त्याचं उत्तर पटण्यासारखं होतं. "दादा, इथं रस्त्यावर उघडलं तर धूळ जाईल आत. मशीनचा फोटो आहे की माझ्याकडं." मोबाईलवर फोटो दाखवला, त्यात मशीनवर, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रावर, वेस्ट एंडचं नाव स्वच्छ कोरलेलं होतं. तो फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी घड्याळाचा असेल हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. शिवाय तो एकदा म्हणाला, "याला आजवर कुणी हात लावलेला नाही," आणि पाच मिनिटांनी म्हणाला, "सर्व्हिस करूनच देतोय." दोन्ही एकदम खरं कसं असेल? तिथंच उठायला हवं होतं. पावतीवर त्यानं फक्त "जुने घड्याळ, चालू" एवढंच लिहिलं.

त्या रात्री दिवा घालवल्यावर घड्याळाचे काटे आणि आकडे हिरवेगार चमकले. १९५५ च्या आसपासचं घड्याळ अजून असं चमकतंय म्हणून मी बायकोला उठवून दाखवलं. फसवणुकीचा सगळ्यात उघड पुरावा तोच होता, हे मला नंतर कळलं. त्या काळात आकड्यांवर रेडियमचा लेप असायचा. रेडियम सोळाशे वर्षांत जेमतेम निम्मं होतं, पण त्याच्याबरोबरची चमकणारी पूड काही वर्षांतच मरते. त्यामुळे इतकं जुनं घड्याळ अंधारात अंधारंच दिसतं. लख्ख चमकलं म्हणजे रंग नवा आहे. (खरा जुना लेप सापडला तर तो कधीही खरवडू नका. चमक गेली तरी रेडियम तिथंच असतं आणि त्याची धूळ नाकातोंडात जाणं वाईट.)

आठवड्यात घड्याळ दिवसाला सहा-सात मिनिटं मागं पडू लागलं. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "आमच्या माणसाकडंच द्या. दुसऱ्या कुणी उघडलं तर आमची जबाबदारी नाही." त्याचा माणूस लक्ष्मीपुरीत बसतो. त्यानं २,२०० रुपये घेतले, मला चहा प्यायला पाठवलं आणि चाळीस मिनिटांत "फुल सर्व्हिस" करून घड्याळ हातात ठेवलं. त्यानंतर ते दिवसाला वीस मिनिटं पुढं जायला लागलं आणि पंधरा दिवसांत बंद पडलं.

मग मी ते आमच्या गल्लीतल्या तात्यांकडे नेलं. आईचं घड्याळ तेच दुरुस्त करायचे. आता डोळ्यांमुळे कामं कमी घेतात. तात्यांनी रबरी चेंडू झाकणावर दाबून फिरवला, झाकण निघालं. डोळ्याला भिंग लावून ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग भिंग माझ्या हातात दिलं. "बगा तुम्हीच. काय लिवलंय?"

मशीनवर एचएमटी लिहिलं होतं. १७ ज्वेल्स, म्हणजे चाकांचे आस ज्यात फिरतात ते बारीक खडे.

तात्यांनी चावीची दांडी काढली, मशीन बाहेर घेतलं, काटे उतरवले आणि डायलच्या कडेला चिमटा लावला. डायल चिकटून वर आली, चिकटपट्टीचा तुकडा लोंबत होता. डायलच्या मागं दोन पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात आणि बाजूच्या बारीक स्क्रूनं आवळले जातात. या डायलचे पाय कापून टाकले होते, कारण ते एचएमटीच्या भोकांत बसणारच नव्हते. दोन बाजूंनी चिकटणारी टेप लावून काम भागवलं होतं. भिंगातून डायलची छपाई पण जाड आणि फुटलेली दिसत होती. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या समोर येत नव्हत्या, आणि सहाच्या खाली "स्विस मेड" असायला हवं तिथं कोरं होतं. यातलं बरंचसं झाकण न उघडताही, साध्या भिंगानं दिसलं असतं.

सर्व्हिसिंगचं तर विचारूच नका. त्या माणसानं मशीन खोललंच नव्हतं, वरून तेल सोडलं होतं, आणि ते हेअरस्प्रिंगवर, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर, गेलं होतं. "हेअरस्प्रिंगला तेल लागू द्यायचं नसतंय," तात्या म्हणाले, "वेटोळी एकमेकांस्नी चिकटली की स्प्रिंग आखूड पडल्यासारखी होती आन् घड्याळ पळत सुटतं." वीस मिनिटांचं कोडं असं सुटलं. नीट सर्व्हिस म्हणजे सगळं मशीन सुटं करायचं, धुवायचं, प्रत्येक ज्वेलमध्ये मापात तेल द्यायचं, मेनस्प्रिंगला (चावी दिली की गुंडाळली जाते ती) वेगळं, दाट वंगण. मग जोडून चावी देऊन उताणं, पालथं, उभं असं ठेवून दोन-तीन दिवस वेळ बघायची. चाळीस मिनिटांत हे होत नाही. द्यायच्या आधी झाकण उघडून मशीनचा फोटो तुमच्या मोबाईलवर काढा आणि परत घेताना तोच ताडून बघा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. तात्यांनी तर स्वतःहून मला फोटो काढायला लावला.

विकणाऱ्याकडे गेलो. "विकलेला माल परत नाही," म्हणाला, आणि पावती दाखवली. त्यात कंपनीचं नाव कुठं होतं? पैसे मी मोबाईलवरून दिले होते आणि त्याचे "ओरिजिनल वेस्ट एंड" असे मेसेज जपून ठेवले होते, म्हणून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज तरी देता आला. फसवणुकीचं पूर्वीचं कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. दुकानदाराकडून घेतलं असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पण तक्रार करता येते. माझे पैसे अजून आलेले नाहीत. तुम्ही घेताना पावतीवर कंपनी, मशीन कुठलं, डायल मूळ की रंगवलेली, हे विकणाऱ्याच्या अक्षरात लिहून घ्या. तो लिहायला कचरला तर घड्याळ तिथंच ठेवून या.

घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, मात्र खरी निघाली. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या. पूर्वीचे कारागीर दुरुस्ती केली की तारीख किंवा आपली खूण अशी लिहून ठेवायचे. तीन वेगवेगळी अक्षरं होती. म्हणजे कधीकाळी यात खरं मशीन होतं आणि तिघांनी ते जपलं होतं. ते काढून कुणी विकलं, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

एचएमटीच्या मशीनचा यात काही दोष नाही. तात्यांनी ते धुऊन दिलं, ६०० रुपये घेतले, आता दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो. राजारामपुरीतल्या एकानं घड्याळ ७,००० ला मागितलं, मी दिलं नाही. झाकण लावायच्या आधी तात्यांना मी त्या तीन खुणांच्या खाली लिहायला सांगितलं. त्यांनी सुई घेतली आणि थरथरत्या हातानं ओरखडलं: "मशीन एचएमटी. डायल रंगवलेली."