घरात भारी, बसमध्ये फिका: रोज सोबत न्यायचा क्लोज्ड-बॅक हेडफोन निवडताना

माझा पहिला चांगला हेडफोन मी एका शांत खोलीत, खुर्चीला टेकून, डोळे मिटून ऐकला आणि लगेच घेऊन टाकला. खर्ज नेटका, आवाज इतका स्वच्छ की गायकाचा श्वासही कळावा. दुसऱ्या दिवशी तोच बसमध्ये लावला, तर गाण्याचा तळच गायब. डग्गा कुठे गेला, बास गिटार कुठे गेली, काही पत्ता नाही. उरला नुसता झांजांचा चरचराट. हेडफोन तोच, फोन तोच, गाणंही तेच. मी आवाज वाढवत गेलो आणि उतरलो तेव्हा कान बधिर झाले होते.

तेव्हापासून कोणी ‘कोणता हेडफोन घेऊ?’ असं विचारलं की मी आधी विचारतो, ऐकणार कुठे? क्लोज्ड-बॅक म्हणजे ज्याच्या वाट्या बाहेरून बंद असतात तो हेडफोन. पण बंद वाटी सगळेच आवाज सारखे अडवत नाही. माणसांची बडबड, कीबोर्डची टकटक, कुठलाही खणखणाट, असे वरच्या पट्टीतले आवाज वाटी आणि गादी मिळून चांगले दाबतात. इंजिनाची घरघर आणि चाकांची धडधड मात्र बरीचशी तशीच आत येते. म्हणजे गाण्यातल्या खर्जाची जी जागा, नेमकी तीच गोंगाट बळकावतो, आणि एकाच पट्टीतले दोन आवाज कानावर आले की मोठा लहानाला गिळतो. म्हणून टेबलापाशी समतोल वाटणारा हेडफोन प्रवासात कोरडा वाटतो आणि घरात ‘बास जरा जास्तच आहे’ वाटणारा प्रवासात बरोबर बसतो. एखाद्या हेडफोनची बासबद्दलची तारीफ किंवा तक्रार वाचताना लिहिणारा कुठे बसून ऐकत होता, हे पाहावं.

गंमत म्हणजे चालता-फिरता ऐकण्याची सवय ज्याने लावली, त्या १९७९ च्या वॉकमनसोबत मिळणारा हेडफोन स्पंजच्या गाद्यांचा, हलका आणि उघडा होता. बाहेरचं सगळं आत, आतलं सगळं बाहेर. त्यातल्या आपल्या गाण्याचा भुर्दंड शेजारी बसलेल्याला पडायचा.

एम५०एक्स की एम४०एक्स

तारेच्या हेडफोनमध्ये बहुतेकांची गाडी ऑडिओ-टेक्निकाच्या या जोडीपाशी येऊन अडते. दोघांच्याही वाट्या घडी होऊन आत वळतात, दोघांचीही केबल सुटी करता येते, दोघेही साध्या फोनवर पुरेसे मोठे वाजतात. एम४०एक्स २४० ग्रॅमचा, ४० मिलिमीटर ड्रायव्हरचा (ड्रायव्हर म्हणजे वाटीतला आवाज काढणारा छोटा स्पीकर). एम५०एक्स २८५ ग्रॅमचा, ४५ मिलिमीटरचा. जाणकारांच्या गप्पांत एम४०एक्स खरा आणि एम५०एक्स दिखाऊ, असा सूर असतो. शांत खोलीत मलाही तो पटतो. एम४०एक्समध्ये गळा आणि व्हायोलिन जागेवर असतात. एम५०एक्स खर्ज फुगवतो, वर थोडी चमक लावतो आणि मधला भाग अर्धं पाऊल मागे ठेवतो.

पण प्रश्न सोबत नेण्याचा असेल तर माझं मत एम५०एक्सला. वर सांगितलेल्या कारणाने त्याचा फुगवटा बाहेर पडल्यावर कामाला येतो. दुसरं कारण अगदीच घरगुती आहे: केबल. एम५०एक्सच्या खोक्यात तीन केबली असतात, त्यांतली एक १.२ मीटरची सरळ. एम४०एक्ससोबत दोन मिळतात, ३ मीटरची सरळ आणि स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची. स्टुडिओत त्या ठीक. खिशातल्या फोनला ३ मीटर तार जोडून गर्दीत शिरून पाहा, दर दोन माणसांमागे एकाच्या पिशवीत अडकते. वेगळी छोटी केबल घेता येते, पण वाटीवरचं भोक २.५ मिलिमीटरचं आणि फिरवून कुलूप लागणारं आहे, त्यामुळे हाताशी असलेली कुठलीही केबल त्यात बसेलच असं नाही. एम४०एक्स घ्यायचा तर ही जादा खरेदी मनात धरूनच घ्या.

दोघांच्याही मूळ गाद्या उथळ आहेत. ज्यांचे कान मोठे किंवा बाहेर आलेले, त्यांना तासाभरात कानाच्या पाळीला आतलं कापड टेकल्याचं जाणवतं.

सोनी ७५०६ आणि बायरडायनॅमिक डीटी ७७०

सोनीचा एमडीआर-७५०६ बाजारात आला १९९१ मध्ये, आणि रेडिओ-चित्रीकरणाच्या आवाजाची कामं करणाऱ्यांच्या डोक्यावर तो आजही दिसतो. वजन २३० ग्रॅमच्या आसपास, घडी होते, मऊ पिशवी मिळते. याचा स्वभाव तपासनिसाचा: ‘स’ आणि ‘श’ची शीळ, ध्वनिमुद्रणातली खरखर, कापलेल्या जागा, सगळं पुढ्यात आणून ठेवतो. भाषणं, मुलाखती, श्राव्य पुस्तकं ऐकणाऱ्याला याहून स्पष्ट शब्द क्वचितच मिळतील. तीन तास सलग जोरकस गाणी ऐकणाऱ्याला मात्र तो टोचतो, आणि बसमध्ये आधीच बेताचा असलेला त्याचा खर्ज आणखी आटतो. शिवाय केबल कायमची जोडलेली, वेटोळ्यांची, ताणली तर ३ मीटर. चालताना ती डाव्या वाटीला लोंबकळते आणि हेडफोन हळूहळू त्या बाजूला सरकतो.

डीटी ७७० प्रो हा वेगळ्याच जातीचा. मखमली गाद्या, खोल वाट्या. कान आत अक्षरशः मोकळा राहतो. २७० ग्रॅम वजन डोक्यावर जाणवत नाही. या लेखातल्या सगळ्यांत दिवसभर घालून बसायला सर्वांत सुखाचा हाच. खर्ज खोल जातो, वरची पट्टी मात्र काहींना तिखट लागते. पण घडी होत नाही, मूळ डीटी ७७० प्रोची केबल निघत नाही, आणि पिशवीत तो नारळाएवढी जागा खातो. कार्यालयातल्या टेबलावर ठेवून द्यायचा असेल तर डोळे मिटून घ्या. रोज ने-आण करायची असेल तर यादीतून काढा, हळहळत का होईना.

घेणारच असाल तर ओहमचा आकडा, म्हणजे हेडफोन विजेला किती विरोध करतो ते, बघून घ्या, कारण हाच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत विकला जातो. फोनने किंवा डोंगलने (जॅक नसलेल्या फोनला हेडफोन जोडणाऱ्या छोट्या तुकड्याने) १ व्होल्ट दिला असं धरलं तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती मिळते, २५० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ४. हिशेब सोपा आहे, व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. ‘२५० वाला भारी असतो’ असं ऐकून तो फोनला लावणारे शेवटी आवाजाची पट्टी टोकाला नेऊनही असमाधानी राहतात. फोनसाठी ३२, ८० चालून जातो, २५० नाही. तो ॲम्प्लिफायरवाल्यांसाठी आहे.

छोटा, कुरूप आणि चिवट

सेनहायझरचा एचडी २५ कानाभोवती बसत नाही, कानावर बसतो. १९८८ पासूनचा हा हेडफोन केबल सोडून १४० ग्रॅमचा, म्हणजे एम५०एक्सच्या निम्म्यानेच. डीजेंच्या गळ्यात दिसतो तो बहुधा हाच. कानावर बसणारे हेडफोन बाहेरचा आवाज नीट अडवत नाहीत, असा सर्वसाधारण अनुभव. हा अपवाद आहे, कारण तो कान चिमट्यासारखा धरतो. आवाज धडधडीत आणि पुढे येणारा, फार ऐसपैस नाही, पण गोंगाटात ठेका हरवत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक सुटा भाग बदलता येतो: केबल, गाद्या, डोक्यावरची पट्टी, अगदी एका बाजूचा ड्रायव्हरही. माझ्या मते तारेच्या हेडफोनमध्ये खरा प्रवासी हाच.

मग सगळे हाच का घेत नाहीत? कान दुखतात म्हणून. तासाभरानंतर पाळीवरचा दाब जाणवायला लागतो, आणि चष्मा असेल तर त्याहून आधी. रोजचं ऐकणं अर्ध्या-पाऊण तासाच्या तुकड्यांत होत असेल तर याच्यासारखा दुसरा नाही. लांबच्या प्रवासाला नको.

तार सोडून द्यायची का

इथे खरा सामना आहे. नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपतात आणि त्याच्या उलट लहर आत सोडून दोन्ही एकमेकांत मिटवतात. हे तंत्र नेमकं खालच्या पट्टीत चांगलं चालतं, म्हणजे जिथे बंद वाटी हात टेकते तिथेच. बोस या ध्वनियंत्रांच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात ही कल्पना सुचली असं सांगतात. इंजिनाच्या घरघरीवरचा तो उपाय आजही घरघरीवरच सर्वांत गुणकारी आहे. शेजारच्या माणसाचं फोनवरचं बोलणं त्याने पुसलं जाईल ही अपेक्षा ठेवू नये. ते काम अजूनही गादीचंच.

सोनीच्या नॉइज कॅन्सलिंगवाल्या मालिकेत घडीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२० चा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ (२५४ ग्रॅम) घडी होतो. २०२२ चा एक्सएम५ घडी होत नाही, वाट्या नुसत्या सपाट वळतात. २०२५ च्या एक्सएम६ मध्ये घडी परत आली. नवा आकडा म्हणजे सोबत न्यायला जास्त सोयीचा, असं समीकरण इथे तरी चालत नाही. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्सही घडी होत नाही, आणि वजन सुमारे ३८५ ग्रॅम. मानेला विचारून घ्या.

शुद्ध आवाजाचा मुद्दा काढला तर शांत खोलीत मी आजही एम४०एक्स उचलीन. बसमध्ये मात्र नॉइज कॅन्सलिंगवाला तारेच्या कुठल्याही हेडफोनला मागे टाकतो, कारण गाण्याचा तळ परत येतो आणि आवाज वाढवावा लागत नाही. हा फरक छोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकलं तर चालतं. दर ३ डेसिबलमागे ती मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलला उरतात आठवड्याचे ५ तास. घरघरीशी झुंजत आवाज वाढवणारा माणूस हे ५ तास दोन-तीन दिवसांच्या प्रवासातच संपवतो.

उलट बाजूही ऐका. बॅटरी म्हातारी होते, आणि ती बदलणं केबल बदलण्याइतकं सोपं नसतं. ७५०६ किंवा एचडी २५ तीस-तीस वर्षं विकले जात आहेत, त्यांचे सुटे भाग मिळत आहेत. आजचा बिनतारी हेडफोन इतका टिकेल, यावर मी पैज लावणार नाही. जोराचा वारा सुटला की बाहेरच्या मायक्रोफोनमध्ये फडफड शिरते. आणि ब्लूटूथला थोडा उशीर होतोच: व्हिडिओची ॲप तो सांभाळून घेतात, पण गेम खेळताना किंवा हेडफोन लावून कीबोर्ड वाजवताना बोट आणि सूर यांत फट पडते.

मधला मार्ग म्हणून एम५०एक्सबीटी२ आहे: ब्लूटूथ आहे, नॉइज कॅन्सलिंग नाही, बॅटरी ५० तासांची, आणि केबल लावूनही चालतो. फोनला जॅक नाही म्हणून वैतागलेल्यांसाठी ठीक. घरघरीवर मात्र तो औषध नाही, म्हणून प्रवाशाला मी तो सुचवत नाही. जॅकचीच अडचण असेल तर छोटा डोंगल पुरतो. त्यात स्वतःची डीएसी चिप, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा विद्युत संकेत करणारी चिप, आहे ना, एवढं घेताना बघा, कारण काही डोंगल नुसती तार असतात आणि अर्ध्या फोनांवर मुकाट बसतात.

चष्मा आणि तळहात

बंद हेडफोनचा खर्ज ड्रायव्हरपेक्षा गादीच्या बसण्यावर जास्त अवलंबून असतो. चष्म्याची काडी गादीखालून गेली की फट पडते आणि खर्ज तिथून निसटतो. केस, मोठी कर्णभूषणं, टोपीची कड, सगळ्यांचं तेच. मखमल काडीभोवती सैल बसते आणि कमी तापते, पण बाहेरचा आवाजही थोडा जास्त आत सोडते. कृत्रिम चामडं घट्ट बसतं, घाम आणतं आणि दोन-चार वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. गाद्या बदलायच्याच, फक्त त्याच आकाराच्या घ्या. जाड, ऐषारामी गादी लावली की हेडफोनचा आवाजच वेगळा होऊन बसतो, चांगला की वाईट हे आधी सांगता येत नाही.

घेण्यापूर्वी रोजचा चष्मा लावून, ओळखीचं, खाली चांगला खर्ज असलेलं गाणं लावा आणि दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच कानांकडे दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम भरून आला, तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाही. आवाजात फारसा फरक पडला नाही, तर पाऊण तास तसाच डोक्यावर राहू द्या आणि मग ठरवा.