जिप्सीच्या मागच्या पाट्यांचे नवे ब्रॅकेट: लोखंड चोख, भोकांचा हिशेब कच्चा

माझी मारुती जिप्सी किंग २००७ सालची असून गेली अनेक वर्षे ती मुळशी आणि वेल्ह्याच्या पावसात, शेताच्या चिखलात आणि रस्ता म्हणवत नाही अशा वाटांवर चालते आहे. या उन्हाळ्यात धुलाईनंतर खाली वाकून पाहताना मागच्या डाव्या पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे ब्रॅकेट, म्हणजे पाटा चासीला जोडणारा लोखंडी आधार, स्क्रू-ड्रायव्हरने सहज टोचले, तर त्याचे टोक आरपार गेले. गिअर टाकून गाडी सोडताना मागून जो ‘खट्’ असा आवाज येत असे आणि ज्याचा दोष मी वर्षभर प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, देत होतो, त्याचे मूळ तिथे होते.

जिप्सीच्या चारही चाकांना पाटेच आहेत, आणि पाटा केवळ वजन पेलत नाही. अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवण्याचे कामही तोच करतो. मागच्या पाट्याचे एक टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला जोडलेले असते आणि ते मागेपुढे हलते, म्हणून गाडी ढकलण्याचा आणि ब्रेक लागल्यावर रोखण्याचा सगळा जोर पुढच्या स्थिर ब्रॅकेटवर येतो. ते कुजले असेल तर पॅच मारून भागवणे मला पटले नाही आणि मी बाहेरच्या उत्पादकाचा मागच्या बाजूचा पूर्ण संच मागवला. त्यात दोन स्थिर ब्रॅकेट, शॅकलचे दोन ब्रॅकेट, शॅकलच्या पट्ट्या, पॉलियुरेथिनचे बुश (पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, बसणाऱ्या नळ्या) आणि बोल्ट असे सारे साहित्य १४,५०० रुपयांना आले.

ब्रॅकेटच्या लोखंडाबद्दल तक्रार नाही. पत्रा ६ मि.मी.चा आहे, माझ्या जुन्या ब्रॅकेटचा शाबूत राहिलेला भाग व्हर्नियरवर जेमतेम ३ मि.मी. भरला. वेल्डिंग एकसारखे आहे आणि चासीला टेकणारी बाजू पुरेशी रुंद असल्यामुळे जोर एका रेघेवर न येता पसरतो. बोल्ट मात्र पूर्ण आट्यांचे पाठवले आहेत, हे मला अक्षम्य वाटते. पाट्याच्या डोळ्यातून जाणाऱ्या बोल्टचा गुळगुळीत दांडा ब्रॅकेटच्या भोकात बसला पाहिजे. तिथे आटे आले की ते कानशीसारखे भोक खात राहतात. नाना पेठेतून ८.८ ग्रेडचे अर्ध्या आट्यांचे बोल्ट आणून मी हा प्रश्न सोडवला, पण तो ग्राहकाने सोडवायचा प्रश्न नव्हता. संचासोबत बसवण्याच्या सूचनांचा एक कागदही नाही.

बसवण्याचे काम भोसरीच्या बाजूच्या एका वर्कशॉपमध्ये ९,००० रुपयांत झाले. मिस्त्रींनी सुरुवात नीट केली: बॅटरीची वायर सोडली, पेट्रोलची टाकी उतरवली, बुश काढून बाजूला ठेवले आणि दोन्ही बाजू एकदम न कापता आधी डावी बाजूच घेतली. पण नवे ब्रॅकेट त्यांनी जुन्या वेल्डिंगच्या खुणेवर नजरेच्या अंदाजाने टाके मारून धरले. उजवीकडेही तसेच टाके पडल्यावर, पक्के वेल्डिंग करण्याआधी एकदा माप घेऊ या, असे मी म्हटले, तेव्हा ‘साहेब, पाच-सात मिलिमीटर या गाडीला कळत पण नाहीत,’ असे उत्तर आले. तरीही गाडी चाकांवर उतरवून, चारही चाकांच्या हबच्या मध्यातून ओळंबा सोडून आम्ही फरशीवर खडूने खुणा केल्या. या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर, २३७५ मि.मी. आहे. उजवीकडे तेवढाच भरला, डावीकडे २३६६. नऊ मिलिमीटरचा हा फरक तसाच राहिला असता तर मागचा अ‍ॅक्सल तिरका बसून गाडी खेकड्यासारखी आडवी चालली असती आणि स्टिअरिंग सरळ ठेवायला सतत एका बाजूला धरावे लागले असते. मिस्त्रींनी स्वतःच टाके ग्राइंडरने कापून नवी ब्रॅकेट सोडवली आणि पाठीला पाठ लावून धरली, तेव्हा भोकांमध्येच ४ मि.मी.चा फरक निघाला. उरलेले पाच आमच्या अंदाजाचे होते. त्यांनी डावे ब्रॅकेट सरकवले, कर्णाची मापेही जुळवली आणि मगच पक्के वेल्डिंग केले. चूक काही अंशी उत्पादकाची असली तरी ती निस्तरताना त्यांनी कुरकुर केली नाही, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

संचात मूळपेक्षा दोन इंच जास्त लांब शॅकलही भेट म्हणून येतात. मी ते वापरले नाहीत. शॅकल दोन इंचांनी वाढवला तर गाडी त्या टोकाला साधारण एकच इंच उचलली जाते, आणि त्या बदल्यात अ‍ॅक्सल फिरून प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे तिथे लांब शॅकल लावल्यास कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन हायवेवर स्टिअरिंग भरकटते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, हेही उंचीचा मोह होणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असतानाच आवळले गेले होते. ते ढिले करून, गाडीचे वजन चाकांवर आल्यावर पुन्हा आवळून घेतले. पाटा आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळणारे यू-बोल्ट नवे घातले आणि ५०० किलोमीटरनंतर त्यांच्या नटांनी आणखी जवळजवळ अर्धा फेरा घेतला. त्यानंतर ताम्हिणीच्या बाजूला दगडांच्या वाटेवर दोन दिवस गाडी चालवली. तो ‘खट्’ आवाज पूर्ण गेला आहे आणि ब्रेक दाबताना मागचा भाग पूर्वीसारखा किंचित बाजूला सरकत नाही. पॉलियुरेथिनचे बुश मात्र कोरडे पडले की कुरकुरतात, आणि त्यांना ग्रीस द्यावे म्हटले तर शॅकलच्या बोल्टवरचे निप्पल (ग्रीस भरण्याचे तोंड) नेमके चासीच्या बाजूला तोंड करून बसते, जिथे ग्रीसगनचे तोंड शिरत नाही. पुढच्या सर्व्हिसला ते बोल्ट उलट्या बाजूने घालून पाहणार आहे.