अंतिम सामना: वर चढून दाबायचं की खाली थांबून वाट बघायची?

फुटबॉलचा अंतिम सामना आठवड्यावर आला की प्रशिक्षकाच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहतो. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच भागात गाठून चेंडू हिसकावायचा, म्हणजे हाय प्रेस? की आपल्या भागात घट्ट बसून त्याला पुढे येऊ द्यायचं आणि त्याच्यामागे मोकळ्या झालेल्या जागेत काउंटर अटॅक चढवायचा, म्हणजे लो ब्लॉक? दोन्ही पद्धतींनी मोठमोठे करंडक जिंकले गेलेत आणि हातातोंडाशी आलेले निसटलेतही. मी बरीच वर्षं संघ घेऊन बाकाजवळ उभा राहतोय. माझं सांगणं एवढंच, की पाटीवर काही आखण्याआधी आपला संघ ७५व्या मिनिटाला कसा दिसतो ते आठवा. बाकीचे बहुतेक निर्णय त्यावरून सुटतात.

प्रेसची बाजू आधी घेतो, कारण तरुण प्रशिक्षकांना तिचीच ओढ असते. २०२० ची चॅम्पियन्स लीग बायर्न म्युनिकने याच जोरावर जिंकली. लिस्बनमधल्या अंतिम सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेनचे नेमार आणि एम्बापे समोर असतानाही त्यांची बचावफळी मागे सरकली नाही. पहिल्या सत्रात दोघांनाही संधी मिळाल्या आणि बायर्नचा गोलकीपर नॉयरने त्या परतवल्या. निकाल १-०. आपल्याकडे बॉक्सबाहेर येऊन चेंडू साफ करणारा गोलकीपर नसेल आणि सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीतले मधले खेळाडू, मागे वळून धावताना कमी पडत असतील, तर एवढं वर चढणं मला धोक्याचं वाटतं.

प्रेस म्हणजे नुसतं धावणं नाही, हे जवळून बघितलं की कळतं. त्यांचा सेंटर बॅक फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, पास देतो. चेंडू येईपर्यंत फुलबॅकचं तोंड साइडलाइनकडे असतं. नेमक्या त्या क्षणी आपला विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, सरळ न धावता थोडी वळणदार धाव घेतो, म्हणजे आतला पास बंद होतो आणि साइडलाइनच आपला एक जादा खेळाडू होते. त्याच वेळी आपल्या मधल्या फळीतला एक जण त्यांच्या जवळच्या मिडफिल्डरच्या अंगावर गेलेला असला पाहिजे. तो दोन पावलं उशिरा पोहोचला की एका पासमध्ये आपले पाच खेळाडू मागे पडतात.

ही दोन पावलं पहिल्या अर्ध्या तासात कधीच चुकत नाहीत, चुकतात ती नंतर. एका अंतिम सामन्यात आम्ही मध्यंतरापर्यंत १-० ने पुढे होतो आणि प्रेस सुरेख चालला होता. ६५व्या मिनिटाला बघितलं तर उजवा विंगर गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला, स्ट्रायकर मात्र एकटाच अजून पुढे धावतोय आणि त्याच्यामागे वीस-पंचवीस मीटर मोकळं रान. मी ओरडत होतो, पण बाकावर त्या जागी टाकायला तसा खेळाडूच नव्हता. तो सामना आम्ही १-२ हरलो. आता पाच बदल करता येत असल्यामुळे प्रेस शेवटपर्यंत टिकवणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय, पण ते ज्यांच्या बाकावर दोन ताजे विंगर आणि एक पळणारा मिडफिल्डर आहे त्यांच्यासाठी. पहिले अकरा आणि नंतरचे पाच यांच्यात मोठी तफावत असेल, तर ९० मिनिटांचा प्रेस मनातून काढून टाका.

खाली बसणाऱ्या संघांना लोक भित्रे म्हणतात, ते मला पटत नाही. २००४ च्या युरोमध्ये ग्रीसने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने १-० ने जिंकले आणि तिन्ही गोल हेडरचे होते. अंतिम सामना पोर्तुगालविरुद्ध, पोर्तुगालच्याच भूमीवर. ओटो रेहागेलच्या त्या संघात प्रत्येकाला स्वतःचा माणूस आणि स्वतःची जागा पाठ होती. अशा खेळात पायांपेक्षा डोकं जास्त थकतं. चाळीस मिनिटं चेंडू न मिळता रांगेत राहायचं, दोन खेळाडूंमधलं अंतर वाढू द्यायचं नाही आणि एकदाही उतावीळपणे टॅकलमध्ये जायचं नाही. ज्या संघाला चेंडू मिळाला नाही की चिडचिड होते, त्याला हे जमत नाही.

या पद्धतीची दुसरी गरज बरेच जण विसरतात. चेंडू मिळाल्यावर पुढे तो धरून ठेवणारा कोणी तरी लागतो. २०१० च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मॉरिन्योच्या इंटर मिलानकडे चेंडू बायर्नच्या निम्म्यानेच होता, तरी ते २-० ने जिंकले. पहिला गोल आठवा. गोलकीपरचा लांब फटका, मिलितोने डोक्याने स्नायडरकडे उतरवला, परत स्वतःसाठी मागून घेतला आणि जाळ्यात मारला. असा खेळाडू तुमच्याकडे नसेल तर साफ केलेला प्रत्येक चेंडू पाच सेकंदांत परत अंगावर येतो, आणि मग एखादी चूक होणारच.

२०१२ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात चेल्सीने म्युनिकमध्ये बायर्नला हरवलं त्याचा दाखला लो ब्लॉकवाले नेहमी देतात. बायर्नला त्या सामन्यात २० कॉर्नर मिळाले, चेल्सीला एक. ८८व्या मिनिटाला मिळालेल्या त्या एकावर हुआन माताच्या चेंडूला द्रोग्बाने जवळच्या पोस्टकडे झेपावत डोकं लावलं आणि १-१ झालं. पुढे जादा वेळेत चेल्सीचा गोलकीपर चेकने रॉबेनची पेनल्टी अडवली. त्या संघाबद्दल मला नितांत आदर आहे, पण योजना म्हणून मी यावर विसंबणार नाही. बायर्नचा पहिला गोल ८३व्या मिनिटाला झाला. तो २०व्या मिनिटाला झाला असता तर? खाली बसायचं ठरवलंत, तर आपण आधी गोल खाल्ला तर काय करायचं याचा सराव वेगळा करा. दहा मिनिटं का होईना, संघाला ०-१ समजून खेळवा.

आता दोन्ही शेजारी ठेवू. सेंटर बॅक चपळ, गोलकीपर पायाने चांगला, बाक भक्कम आणि उपांत्य सामन्यानंतर पुरेशी विश्रांती मिळालेली असेल, तर प्रेसकडे झुका. सेंटर बॅक उंच पण संथ, पुढे एक दणकट स्ट्रायकर, कडेला एक वेगवान विंगर आणि सेट पीस, म्हणजे कॉर्नर आणि फ्री किक, मारणारा चांगला पाय असेल, तर खाली बसा. विश्रांतीचा मुद्दा हलका समजू नका. २०१८ च्या विश्वचषकात क्रोएशिया बाद फेरीचे तीन सामने जादा वेळेपर्यंत खेळून अंतिम सामन्यात आला, म्हणजे फ्रान्सपेक्षा पूर्ण एक सामना जास्त. चेंडूही त्यांच्याकडेच जास्त राहिला. ५९व्या आणि ६५व्या मिनिटाला पोग्बा आणि एम्बापेने गोल केले आणि २-१ चं ४-१ झालं. शेवटी ४-२.

मला स्वतःला बहुतेक संघांसाठी मधला रस्ता पटतो. मध्यरेषेच्या आसपास दोन ओळी लावून थांबायचं आणि प्रेस ठरावीक वेळीच करायचा. त्यांच्या गोल किकवर, दोन्ही सत्रांच्या पहिल्या दहा मिनिटांत, आणि त्यांचा फुलबॅक पाठमोरा चेंडू घेईल तेव्हा. फक्त ‘चला’ म्हणणारा आवाज एकाचाच असावा. तिघांनी प्रेस केला आणि सात जण थांबले, तर दोन्ही पद्धतींचे तोटे मिळतात आणि फायदा एकाचाही नाही.

दुसरा पेच असतो तो नेहमीचा संघ ठेवायचा की चकवा द्यायचा याचा. २०२१ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीने रॉड्री आणि फर्नांडिन्यो या मधल्या फळीतल्या दोन्ही बचावात्मक खेळाडूंना बाकावर ठेवून सामना सुरू केला. चेल्सीच्या माउंटने मधून सोडलेल्या पासवर हावर्ट्झने ४२व्या मिनिटाला गोल केला आणि तेवढ्यावर सामना गेला. मग बदल करूच नये का? करावा, पण माणूस बदलावा, मधल्या फळीचा कणा हलवू नये. २०२० मध्ये बायर्नचे प्रशिक्षक फ्लिकने उपांत्य सामन्याच्या संघात एकच बदल करून कोमाँला घेतलं, आणि किमिशच्या क्रॉसवर विजयी हेडर त्याचाच. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनीने डी मारियाला नेहमीच्या उजव्या बाजूऐवजी डावीकडे खेळवलं. पहिली पेनल्टी त्याने मिळवली आणि दुसरा गोल त्याने केला. फ्रान्सला पहिल्या सत्रातच दोन बदल करावे लागले. ६४व्या मिनिटाला मात्र डी मारिया बाहेर गेला आणि शेवटच्या दहा मिनिटांत एम्बापेने लागोपाठ दोन गोल केले. चकवा दिला तरी तो उतरल्यावर पुढे काय, हे आधी ठरलेलं हवं.

अर्धवट तंदुरुस्त हुकमी खेळाडूबद्दल माझं मत कडक आहे. २०१४ मध्ये ॲटलेटिको माद्रिदने चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात दुखापतीतून न सावरलेल्या दिएगो कोस्टाला उतरवलं आणि नवव्या मिनिटालाच बाहेर काढलं. तेव्हा तीनच बदल मिळायचे, त्यातला एक असा गेला. रेआल माद्रिदच्या रामोसने ९३व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि जादा वेळेत ॲटलेटिकोचे पाय उचलत नव्हते. १-० चं १-४ झालं. २०१९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात टॉटनहॅमने सुमारे दोन महिने बाहेर असलेल्या हॅरी केनला सुरुवातीपासून खेळवलं आणि उपांत्य सामन्यात हॅटट्रिक करणारा लुकास मोरा बाकावर बसला. टॉटनहॅम ०-२ ने हरलं. असा खेळाडू मी शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवीन. त्याला हे समजावणं जड जातं, म्हणून आदल्या दिवशी, एकट्याला बाजूला घेऊन सांगा.

सेट पीसचा सराव दोन्ही पद्धतींत सारखाच लागतो. दोन कॉर्नर आणि एक फ्री किक नीट बसवा, जास्त नको.

राहिली पेनल्टी, म्हणजे बरोबरीनंतरचं शूटआउट. शेवटच्या मिनिटाला खास बदल करावा की नाही? २०१४ च्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात नेदरलँड्सने गोलकीपर बदलून क्रूलला आणलं, त्याने दोन पेनल्टी अडवल्या. युरो २०२० च्या अंतिम सामन्यात इंग्लंडने १२०व्या मिनिटाला रॅशफर्ड आणि सांचोला आणलं. एकाचा फटका पोस्टला लागला, दुसऱ्याचा डोनारुमाने अडवला. गोलकीपर बदलला तर चालतं, कारण तो निदान हालचाल करत, वॉर्म-अप करून येतो आणि त्याचं काम लगेच सुरू होतं. पण ज्याने चेंडूला जेमतेम एकदा-दोनदा पाय लावलाय, त्याला मध्यवर्तुळातून एकट्याने चालत जाऊन फटका मारायला लावणं मला योग्य वाटत नाही. मारणारे आणायचेच असतील तर दहा-पंधरा मिनिटं आधी आणा.

यादी सामन्याआधी करा आणि प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. इतरांसमोर नाही म्हणायला खेळाडू कचरतो. सरावात दमछाक झाल्यावरच पेनल्टी मारून घ्या, मध्यवर्तुळातून चालत यायला लावून. पाच नव्हे, अकराही नावं क्रमाने लिहा. तो कागद सहप्रशिक्षकाच्या खिशात असू द्या आणि जो बाहेर येईल त्याचं नाव खोडून आत गेलेल्याचं तिथल्या तिथे लिहायला सांगा.