मराठी ऑडिओ बायबल अ‍ॅप : रोजच्या मननासाठी छान

सध्या हे ऑडिओ बायबलचं अ‍ॅप वापरतेय आणि मनापासून आवडलंय, वाचणाऱ्याचा आवाज शांत आहे, घाई अजिबात नाही, त्यामुळे वचन आत उतरतं. १ योहान २:१५-१७ (म्हणजे योहानाचं पहिलं पत्र, अध्याय २, वचनं १५ ते १७) लावून बघा, देहाची वासना, डोळ्यांची वासना, संसाराची फुशारकी असं एकेक कानावर पडतं ना, तेव्हा आपण दिवसभर कशाच्या मागे धावतोय ते लख्ख दिसतं.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते २ तीमथ्य ४:१०. देमास नावाचा साथीदार प्रेषित पौलाला (येशूचा संदेश गावोगावी सांगणाऱ्याला) सोडून थेस्सलनीका शहराला गेला कारण त्याला हे जग प्रिय वाटलं, बस एवढंच, पण हाच देमास फिलेमोनाच्या पत्रात पौलाचा सहकारी म्हणून आहे हो! सेवेतल्या माणसाचंही मन असं दुसरीकडे वळू शकतं.

मार्क १०:२१ पण ऐकाच, येशूने त्या श्रीमंत माणसाकडे प्रेमाने पाहिलं आणि मग सगळं विकून माझ्यामागे ये म्हणाला, प्रेम आधी, मागणं नंतर.

तक्रार एकच, फ्री व्हर्जनमध्ये अध्याय संपला की लगेच शॉपिंगच्या जाहिराती येतात, प्रार्थनेच्या वेळी हे खरंच नको. अध्याय डाउनलोड करून नेट बंद ठेवलं की येत नाहीत, मी तसंच ऐकते.